मोटारींचा पट आणि बाबांचा हात

मी मोटार पळवली ती बाबांच्या उजव्या हातासाठी. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या केनवड गावात अजून काही लोक म्हणतात की चाळिशीत मास्तरीणबाईंच्या कानात वारं शिरलं. शिरलं असेल. पण त्या एका हंगामाने मला जे दिलं ते इतकं मोठं आहे की आता त्या लोकांचाही राग येत नाही. म्हणजे, थोडा येतो.

बाबा मळेकरी. गावाच्या कडेला आमची थोडी बागायत आहे. वांगी, मेथी, टोमॅटो, उन्हाळ्यात काकडी. पण पंचक्रोशीत बाबांची ओळख भाजीची नव्हती, शंकरपटाची होती. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची सरळ रेषेतली शर्यत. आमच्याकडे नुसतं पट म्हणतात, आणि जोडी हाकणाऱ्याला धुरकरी. बाबांकडे स्वतःची पटाची जोडी कधीच नव्हती. लोक आपले बैल पळवायला त्यांना बोलावून न्यायचे. कासरा उजव्या हातात, डावा हात मोकळा, आणि तोंडाने एक शब्द नाही. ओरडणारा धुरकरी म्हणजे घाबरलेला धुरकरी, असं त्यांचं मत होतं. घरी मात्र भरपूर ओरडायचे. तो गुण माझ्याकडे आला आहे.

गेल्या उन्हाळ्यात वांग्यांना पाणी देताना बाबा बांधावर बसले आणि त्यांना उठता येईना. उजवी बाजू गेली होती. पाय हळूहळू परत आला. बोलणंही आलं. आधी शिव्या आल्या, मग बाकीची भाषा. हात आला नाही. बोटं मिटून मूठ झाली आणि ती मूठ पोटाशी चिकटून बसली. वाशिमच्या व्यायामवाल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "वर्षभरात जेवढा उघडेल तेवढा उघडेल. त्यांनी स्वतः हलवला पाहिजे. नंतर असाच राहील." आणि एक रबरी चेंडू दिला.

"पोराटोरायचा चेंडू मी कायले दाबू?" बाबा म्हणाले आणि डाव्या हाताने तो गोठ्यात भिरकावला. मी तो शोधून आणला, धुतला, पुन्हा दिला. पुन्हा गोठा. असं चार वेळा झालं. गाईलाही त्याची सवय झाली.

त्याहून वाईट म्हणजे त्यांनी घराबाहेर पडणं सोडलं. कोणी भेटायला आलं की मुठीवर खांद्यावरचा दुपट्टा टाकायचे आणि डोळे मिटून पडायचे. वाशिमला न्यायला म्हणून मी एक चौथ्या मालकाची पांढरी छोटी गाडी घेतली. शाळेत ये-जा करून हात बसवला. त्या गाडीतही बाबा काच वर करून, दुपट्टा घेऊन बसायचे. "लोकायनं मले असं पाहू नये," एवढंच. आई म्हणायची, "तुह्या बापाले आता नवरीवानी घुंगट पाहिजे." हे ती मोठ्याने म्हणायची आणि मग चुलीपाशी जाऊन डोळे पुसायची.

सोयाबीन घरात आलं तेव्हाची गोष्ट. गाडी सकाळी सुरू होईना म्हणून फाट्यावरच्या मिस्त्रींना घरी बोलावलं. मिस्त्रींचे वडील बैलांना नाल ठोकायचे, बाबांच्या हाताखालून गेलेल्या कितीतरी जोड्यांना त्यांनीच ठोकले होते. मिस्त्री म्हणतात, "अब्बा नाल ठोकत, मी टायर बसोतो. धंदा एकच हाय." बॅटरीच्या तारा घासता घासता ते खिडकीकडे बघून बोलले, "बाबा, किन्हीराजाच्या पुढं लेआउटवर पोट्टे दर रविवारी गाड्या पळवून राह्यले. दोन-दोन गाड्या, एकदम सीधी लाइन. आपल्या पटावानीच."

आत खाट करकरली. मग आवाज आला, "धुरकरी कोन असते?"

सहा महिन्यांत बाबांनी स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न. तो प्रश्न विचारायला लावणाऱ्या मिस्त्रींचे उपकार मी जन्मात फेडू शकणार नाही, आणि त्यांना तसं सांगितलं तर म्हणतात, "पैले ब्रेक ऑइल बदला."

"ज्याची गाडी तोच धुरकरी," मिस्त्री म्हणाले. "पन एकबी कामाचा नाई. सारे नुसते दाबतात."

मी चहा घेऊन आले होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "मंग मी पळोतो."

मिस्त्रींना ठसका लागला. बाबांनी मान वळवली. "तू?"

"काहून? माहे हातपाय धड हायेत."

बोलले आणि जीभ चावली. बाबांनी दुपट्टा नीट केला. मला स्वतःचा इतका राग आला की तो मी नेहमीप्रमाणे त्यांच्यावरच काढला. "अन् ऐका बाबा. होळीच्या आधी त्यायची फायनल असते. मी ते जिंकली त रोज दोनदा चेंडू दाबाचा. मी बोटं उघडीन, तशी उघडू द्याची. कुरकुर नाई."

"अन् हारली त?"

"हारली त पुन्यांदा चेंडूचं नाव काढनार नाई."

"शब्द?"

"शब्द."

बाबा शब्दाचे किती पक्के आहेत हे मला ठाऊक होतं. मीही त्यांचीच मुलगी. रागाच्या भरात आपण काय गमावून बसलो ते मला रात्रभर कळत राहिलं. फायनल हरले तर त्यांच्या हाताचं दार मीच बंद करणार होते.

लेआउट म्हणजे डांबरी रस्ते पडलेलं, खांब लागलेलं, पण एकही घर नसलेलं मोठं वावर. मालकाची परवानगी, पोलिस ठाण्याचा कागद, ॲम्ब्युलन्स, हेल्मेट, सगळं रीतसर होतं. पाव किलोमीटर पळायचं आणि पुढे तेवढंच थांबायला. कमिटीतली पोरं सगळी पटाच्या घरांतली, म्हणून बाकी सगळं पटासारखं. चिठ्ठ्या टाकून जोड्या लावायच्या, झेंडी पडली की सोडायचं, आणि माइकवर एकजण अखंड बोलत राहणार. नाव नोंदवायला गेले तर टेबलावरचा म्हणाला, "मॅडम, हे हळदीकुंकू नाई." मी चष्मा पुसून त्याच्याकडे नीट पाहिलं. चौथीत माझ्याच वर्गात होता. म्हटलं, "सतराचा पाढा म्हण." बिचारा सतरा चोक अडुसष्टपर्यंत आला आणि त्याने मुकाट्याने माझं नाव लिहिलं.

पहिल्या रविवारी जे झालं ते आमच्याच भागात होऊ शकतं. पटात शेवटच्या रेषेपलीकडे चार-सहा दणकट माणसं उभी असतात, सुटलेले बैल अंगावर घेऊन धरायला. इथेही ती उभी राहिली. कोणी सांगितलं नव्हतं. पट आहे म्हटल्यावर धरायला माणसं लागणारच, म्हणून आपणहून आली. दोन गाड्या धूळ उडवत आल्या आणि हे हात पसरून समोर! मग जीव घेऊन बाजूला उड्या. त्यातल्या एकाच्या हातात एका गाडीचा आरसा राहिला. तो माणूस आरसा उंच धरून अभिमानाने उभा होता. त्यानंतर कमिटीने दोर बांधला.

माझ्या वेळी धरायची गरजच पडली नाही. झेंडी पडली, मी क्लच सोडला, गाडीने दोन उड्या मारल्या आणि बंद पडली. माइकवाला ओरडला, "मॅडमची जोडी बसली हो!" हजारभर माणूस हसलं असेल. बाबा मिस्त्रींच्या गाडीत काच वर करून बसले होते. मला वाटलं आता पुन्हा यायचे नाहीत. पण घरी जाताना ते म्हणाले, "तू कासरा फेकून देला."

"कासरा नाई बाबा, क्लच."

"तेच. सोडाचं असते, फेकाचं नसते. फेकला की जनावर बुजते."

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की मळ्याच्या वाटेवर आमची शिकवणी. बाबा खुर्चीवर, मी गाडीत. डाव्या हाताने ते हवेत कासरा सोडून दाखवायचे. आधी ताण, मग जनावराचं वजन पुढे आलेलं कळलं पाहिजे, मग हळूच. मी म्हणायचे, "उजव्यानं दाखवा, तुमाले डाव्यानं येत नाई." ते म्हणायचे, "फायनल झाली काय?" आणि दुपट्टा सारखा करायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी गाडीचं वजन पुढे आलेलं मला तळपायाला कळलं. गियर, इंजिन, पिस्टन यातलं बाबांना काही कळत नव्हतं. पण सुटण्याच्या आधीचा तो एक क्षण त्यांच्याइतका कोणाला कळत असेल असं मला वाटत नाही. मिस्त्री गाडीचा आवाज दुरुस्त करायचे आणि बाबा माझा पाय. इतकी मन लावून शिकवणारी दोन माणसं मला बीएडलाही मिळाली नव्हती.

तिसऱ्या रविवारी मी पहिली जोडी जिंकले. परत येऊन पाहते तर मिस्त्रींच्या गाडीची काच खाली. त्याच्या पुढच्या रविवारी दार उघडं आणि बाबांचा एक पाय बाहेर. संक्रांतीनंतर निंबाखाली खुर्ची पडली. तिथे कुणा म्हाताऱ्याने ओळखलं, "अरे, हा त केनवडचा धुरकरी!" मग काय विचारता! त्या खुर्चीभोवती दर रविवारी बैठक भरायला लागली. कोणत्या सालच्या कोणत्या पटात कोणाची जोडी कशी पळाली, कोणता बैल शेवटी मान टाकायचा, सगळं निघायचं. माइकवाला एखादी जोडी बरोबरीत सुटली की विचारायला यायचा, "बाबा, कोनाची पुढं होती?" बाबा सांगतील ते कबूल.

त्या माणसांचं मला फार कौतुक वाटतं. आमच्या भागातले लोक चौकशीत कमी नाहीत. भाजी काय केली इथपासून पगार किती इथपर्यंत सगळं तोंडावर विचारतात. पण त्या निंबाखाली दोन महिन्यांत एकानेही विचारलं नाही की बाबा, दुपट्ट्याखाली काय झालं. चहा यायचा तो न बोलता त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला जायचा. हे त्यांना कोणी शिकवलं असेल? मी मास्तरीण असून मला ते सुचलं नसतं.

मूठ मात्र मूठच होती. वाशिमच्या बाई दर खेपेला कॅलेंडरकडे बघायच्या. फायनलपर्यंत चेंडूचं नाव काढायचं नाही, असं मीच ठरवलेलं. नुसती गाडी पळवत होते आणि जिंकत होते. शाळेत फळ्यावर लिहितानासुद्धा माझा डावा पाय हलायचा.

फायनलला समोर कारंज्याची काळी गाडी आली. तिचा चालवणारा पंचविशीतला, गॉगल लावलेला, पण बोलायला गोड. "ताई, आरामात," म्हणाला. मिस्त्रींच्या हिशोबाने आमची गाडी सुटायला चांगली आणि त्याची पळायला. "पैल्या पन्नास मीटरमधी निंगून गेल्या त गेल्या. नाई त मंग नाई," ते म्हणाले. गाडी निंबाखाली उभी करून मी हेल्मेट तपासून घ्यायला आणि डावी-उजवी बाजू ठरवायची चिठ्ठी काढायला टेबलाशी गेले. मिस्त्री चहाला गेले, बैठकीतली माणसं दोराशी जागा धरायला. तिथे रांग होती, अर्धा तास गेला असेल. परत आले तर बाबा खुर्चीत, गुडघ्यांवर दुपट्टा, थोडे दमलेले. म्हटलं, उन्हाने. मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी गाडीकडे मान केली.

रेषेवर उभी राहिले तेव्हा मला माणसं दिसत नव्हती. एक मूठ दिसत होती. झेंडी वर गेली. ताण घेतला, वजन पुढे आलेलं कळलं, हळूच सोडलं. आयुष्यात इतकं चांगलं मी कधी सोडलं नव्हतं. आणि गाडी जागची हलेना! चाकं गरागरा फिरत होती, इंजिन किंचाळत होतं आणि काळी गाडी डोळ्यांदेखत निघून गेली. माझी हलली ती आडवी. नाक डावीकडे, मग उजवीकडे, मी ब्रेक दाबला तर चिखलात घसरावी तशी कोरड्या डांबरावर घसरत गेली आणि कडेच्या मुरमाच्या ढिगात शिरून थांबली. मला खरचटलंही नाही. गाडीत मात्र भज्यांचा वास भरला होता.

मिस्त्री धावत आले. त्यांनी पुढच्या टायरवर बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "गोडं तेल! टायरले तेल लावलं कोनं तरी!"

मग माझं डोकं फिरलं. मी हेल्मेट फेकलं आणि तडक कारंज्याच्या पोरांवर गेले. जे बोलले ते शिक्षिकेच्या तोंडी शोभणारं नव्हतं. गॉगलवाला हात जोडून म्हणत होता, "ताई, आईशपथ, आमी नाई." मी ऐकायला तयार नव्हते. (त्याची माफी मी नंतर मागितली. त्याने चहा वसूल केला.) दहा महिने माझ्या डोळ्यांपुढून जात होते. वाशिमच्या खेपा, गोठ्यातला चेंडू, त्या बाईंचं कॅलेंडर. शब्द दिलेला होता. आता त्या हाताचं मला नावही काढता येणार नव्हतं. मी रडत होते आणि रडता रडता भांडत होते. "कोनं लावलं तेल? मर्द असन त समोर या!"

गर्दीतून भजेवाला पुढे आला, झारा हातात तसाच. "बाई, वाटीभर तेल त म्याच देलं," तो चाचरत म्हणाला. "पन बाबाले. सोता आले होते ना माह्या गाड्यावर. मले वाटलं, हाताले लावाले पाहिजे असन."

बाबा? स्वतः? भज्यांचा गाडा निंबापासून चांगला तीस-चाळीस पावलं होता, माणसांनी खचाखच भरलेल्या वाटेवर. ते गेले होते, सगळ्यांसमोर, लंगडत?

सगळ्यांच्या माना निंबाकडे वळल्या. बाबा उभे होते. दुपट्टा खाली मातीत पडला होता. आणि वर्गात एखादा पोरगा करतो तसा त्यांनी हात वर केला.

"मी लावलं."

उजवा. उजवा हात होता. मनगटापर्यंत टायरच्या काळ्याने माखलेला, तेलाने चकाकणारा. बोटं पूर्ण सरळ नव्हती, वाकलेलीच होती. पण एकमेकांपासून सुटी झाली होती. मला त्यांच्यामधून निंबाचा पाला दिसत होता.

माइकवाल्याने माइक खाली घेतला.

"पटाच्या दिवशी बैलायच्या खांद्याले तेल चोयल्याबिगर मी कधी जोडी जुपली नाई," बाबा सांगत होते, मला नाही, मिस्त्रींना. "तूच त म्हनला होता, पुढचेच दोन चाकं गाडी ओढते. त म्हनलं, ते दोन चोयून द्यावं. डाव्यानं जमेना. डाव्यानं कधी चोयलंच नाई ना मी. उजव्यानंच चोया लागते." मिस्त्रींनी टोपी काढून तोंडावर धरली होती. ते हसत होते की काय करत होते, कळत नव्हतं.

मी मुरूम तुडवत निंबाखाली गेले. बाबांनी हात अजून वरच धरलेला. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली भीती होती. हात उघडल्याचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं. मी हरले, एवढंच त्यांना दिसत होतं.

"चुकलं काय वं पोरी?" त्यांनी विचारलं. "हारली तू?"

मी तो हात खाली घेतला आणि दोन्ही हातांत धरला. तेलामुळे तो काही केल्या ठरेना, सारखा निसटायला लागला. मग बाबांनीच माझी बोटं घट्ट धरली.